उसातला बिबट्या आणि अंजनेरीचे गिधाड: वर्तनातील लवचीकता कोणाला तारते, कोणाला नाही

दशक्रिया विधीसाठी गोदाघाटावर जमलेली माणसे पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत आहेत, हे दृश्य नाशिककरांच्या नित्य पाहण्यातले आहे. कावळा येतो, पिंडापासून हातभर अंतरावर थांबतो, मान तिरकी करून न्याहाळतो, दोन उड्या मागे जातो, पुन्हा पुढे येतो; आणि तो शिवेपर्यंत नातेवाइकांचा जीव टांगणीला लागलेला असतो. या विधीमागील श्रद्धेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. मात्र कावळ्याच्या त्या मागेपुढे होण्याकडे प्राणिवर्तनाचा अभ्यासक पाहतो, तेव्हा त्याला तेथे एक हिशेब चाललेला दिसतो. समोर अन्न आहे हे खरे, पण मांडणी आजची आहे, माणसे अनोळखी आहेत आणि चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. या हिशेबाचे उत्तर कावळा जन्मतः पाठ करून आलेला नसतो. ते त्याला दरवेळी जागेवर काढावे लागते.

घाटावरचा हा साधा कावळा आपण समजतो त्याहून फार मोठा प्रवासी आहे. झांझिबार बेटावर कचरा साफ व्हावा म्हणून १८९० च्या दशकात तो मुद्दाम नेला गेला आणि तेथून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पसरला. जहाजांवर बसून तो अनेक बंदरांत पोहोचला. १९९४ मध्ये तर तो नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर, इथल्यापेक्षा कितीतरी थंड हवेत, दिसू लागला. केनियाच्या वन्यजीव विभागाने २०२४ मध्ये वर्षअखेरपर्यंत दहा लाख कावळे कमी करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले, यावरून त्याने तेथे किती घट्ट पाय रोवले आहेत याची कल्पना यावी. या प्रवासासाठी त्याला नवी चोच किंवा नवे पंख लागले नाहीत. बदलले ते त्याचे खाणे, घरट्याचे साहित्य आणि माणसापासून किती अंतर राखायचे याचा अंदाज.

परिस्थिती बदलल्यावर प्राण्याने आपल्या एकाच आयुष्यात आपले वागणे बदलणे, याला वर्तनातील लवचीकता म्हणतात. येथे 'एकाच आयुष्यात' हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण आपल्या रोजच्या बोलण्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शब्दाने सांगितल्या जातात. द्राक्षबागेत एखादे कीटकनाशक लागू पडेनासे झाले की बागायतदार म्हणतात, "फुलकिड्यांना औषधाची सवय झाली." वस्तुतः एकाही फुलकिड्याला कसलीही सवय झालेली नसते. लक्षावधी किड्यांमध्ये काही थोड्यांना ते विष पचवण्याची क्षमता जन्मतःच असते. फवारणीत बाकीचे मरतात, हे थोडे उरतात, आणि पुढच्या पिढ्या त्यांच्याच असतात. ही नैसर्गिक निवड झाली. तिच्यात कोणी काही शिकत नाही, फक्त कोण मागे उरतो हे ठरते. बिबट्या उसात राहू लागला तेव्हा मात्र जे घडले ते खऱ्या अर्थाने सवय होणे होते.

निफाड, सिन्नर, दिंडोरी या भागांत ऊसतोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडल्याच्या बातम्या येऊ लागतात. बाहेरच्या माणसाला वाटते की बिबट्या जंगलातून वाट चुकून आला असावा. परंतु उसाचे पीक वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ उभे असते, त्यात आडोसा दाट असतो, पाटाचे पाणी जवळ असते, आणि तोडणीपर्यंत माणसाचा वावर थोडा असतो. मादीला पिल्ले घालण्यासाठी जे हवे असते, ते सर्व तेथे आहे. तिच्या लेखी तो फड म्हणजे गवताचे उंच रानच आहे. ऊसतोड कामगारांना बछडे दिसले की वनविभागाचे कर्मचारी अनेकदा ते त्याच जागी ठेवून दूर थांबतात आणि रात्री मादी येऊन त्यांना उचलून नेते. गोंगाट आणि माणसांचा वास अनुभवल्यानंतरही ती परत येते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्राण्याचा बारकाईने अभ्यास केला आहे. जेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात अशा त्या शेतीच्या प्रदेशात त्यांना दर शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि जवळपास तितकेच तरस. बिबट्यांच्या विष्ठेच्या तपासणीतून असे दिसले की त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव किंवा गावात राहणाऱ्या जनावरांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्या संख्येने कितीतरी अधिक असूनही कुत्र्यांचा वाटा मोठा आहे, कारण शेळी रात्री गोठ्यात बांधलेली असते आणि कुत्रा मोकळा असतो. हा हिशेबही जन्मतः येत नाही. पिल्लू दीड-दोन वर्षे आईबरोबर राहते आणि कोठे जावे, केव्हा जावे, कोणत्या घराचा उजेड टाळावा हे तिच्यामागे फिरताना उचलते.

वेळेचीही हीच गोष्ट आहे. जगभरातील ६२ सस्तन प्रजातींवरील ७६ अभ्यासांचे निष्कर्ष २०१८ मध्ये एकत्र मांडले गेले, तेव्हा असे दिसले की जेथे माणसाचा वावर वाढतो तेथे प्राण्यांचा रात्रीचा वावर सरासरीने १.३६ पट होतो. जागेची वाटणी जमली नाही, म्हणून त्यांनी वेळेची वाटणी केली. आपल्याकडे 'उसातला बिबट्या वेगळाच असतो' असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. सवयीपुरते ते खरे आहे. त्याची स्वतंत्र जात झाली आहे असे मानण्यास मात्र आधार नाही.

आता कळीचा प्रश्न असा की, शिकलेली गोष्ट जर रक्तातून पुढच्या पिढीत उतरत नसेल, तर उत्क्रांतीशी तिचा संबंध तरी काय? आईने फडात शिकलेल्या युक्त्या पोटातल्या पिल्लाला मिळत नाहीत, हे निश्चित आहे. तरीही संबंध आहे. जेम्स मार्क बाल्डविन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये तो मांडला, आणि त्याच वर्षी कॉन्वी लॉइड मॉर्गन व हेन्री ऑस्बर्न हे दोघे स्वतंत्रपणे जवळपास त्याच विचाराशी येऊन पोहोचले. त्यांचे म्हणणे सोपे करून सांगायचे तर असे. परिस्थिती एकाएकी बदलली आणि प्राणी आपले वागणे बदलू शकला नाही, तर प्रकरण तेथेच संपते. नैसर्गिक निवडीला काम करण्यासाठी कोणी उरतच नाही. वागणे बदलून तो कसाबसा टिकला, तर त्याच्या वंशाला वेळ मिळतो. त्या वेळात, नव्या सवयीला सोयीचे पडतील असे जे लहानसहान जन्मजात फरक आपोआप निर्माण होत राहतात, ते निवडले जाऊ लागतात. याचा अर्थ सवयीने जनुके बदलली असा नाही. सवयीने प्राण्याला अशा ठिकाणी नेऊन उभे केले की जेथे पूर्वी निरुपयोगी असलेला फरक आता उपयोगी ठरला.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्या चहाच्या कपात आहे. बालपण सरले की दुधातली साखर पचवण्याची शक्ती मावळणे, हा सस्तन प्राण्यांचा सर्वसाधारण नियम आहे. माणसाने गाईगुरे पाळली आणि दूध वापरण्याची सवय लावून घेतली. त्यानंतर ज्या लोकसमूहांत दुधावर जगणे महत्त्वाचे ठरले, तेथे मोठेपणीही ती शक्ती टिकवणारे जनुकीय बदल पसरत गेले. युरोपात आणि पूर्व आफ्रिकेत हे वेगवेगळ्या बदलांमुळे घडले, म्हणजे सवय सारखी आणि जनुकांची वाट निरनिराळी. येथे गोठा आधी आला आणि पचन मागाहून.

इथपर्यंत वाचून वर्तन हे उत्क्रांतीच्या गाडीचे इंजिनच आहे असे वाटू लागले असेल, तर थोडे थांबावे लागेल. कारण हेच वर्तन अनेकदा त्या गाडीचा ब्रेकही असते, आणि माझ्या मते या विषयातील खरी गंमत येथे आहे.

'सरड्याची धाव कुंपणापर्यंत' ही म्हण आपण तुच्छतेने वापरतो, पण सरड्याच्या दृष्टीने ती धाव फार मोलाची असते. कुंपणाच्या टोकावर ऊन असते आणि बुडाशी सावली. या दोहोंमधील ये-जा करून तो आपले शरीर हव्या त्या तापमानाला ठेवतो. चार्ल्स बोगर्ट या सरीसृपतज्ज्ञाने १९४९ मध्ये यातून एक महत्त्वाचे अनुमान काढले. सरडा जर केवळ जागा बदलून उष्णता टाळू शकत असेल, तर जास्त उष्णता सोसणारे शरीर घडवण्यासाठी निवडीचा दाबच त्याच्यावर पडत नाही. सावलीच त्याला बदलू देत नाही.

या अनुमानाची सुंदर परीक्षा मार्था मुन्योझ आणि जोनाथन लोसोस यांनी कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनियोला बेटावरच्या ॲनोलिस सरड्यांवर केली. समुद्रकिनाऱ्यापासून उंच डोंगरांपर्यंत राहणाऱ्या या सरड्यांची उष्णता सोसण्याची क्षमता सगळीकडे जवळपास सारखीच निघाली, कारण दिवसा त्यांच्यापाशी ऊन-सावलीची युक्ती होती. थंडी सोसण्याच्या क्षमतेत मात्र उंचीनुसार ठळक फरक होता. रात्री डोंगरावर सगळीकडेच गारठा असतो आणि सरकून जायला उबदार जागा नसते. वर्तन तेथे हतबल होते आणि शरीराला बदलावे लागते. निफाडच्या लोकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे पारा घसरतो त्या रात्री द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. वेलीला हलता येत नाही आणि सरड्याला शेकोटी पेटवता येत नाही, एवढाच काय तो फरक.

या गोष्टीचा पुढचा भाग तर आणखी बोधक आहे. डोंगरावर दिवसाही ऊब मिळवण्यासाठी ते सरडे झाडे सोडून उन्हात तापणाऱ्या खडकांवर राहू लागले. त्यामुळे उष्णतेपुरती उत्क्रांती थंडावली खरी, पण खडकांच्या फटींत शिरण्याची नवी गरज निर्माण झाली, आणि तेथील सरड्यांची डोकी अधिक चपटी व मागचे पाय अधिक आखूड झालेले आढळतात. एकाच सवयीने एका गुणाचा बदल रोखला आणि दुसऱ्याचा सुरू केला. म्हणून 'लवचीकतेमुळे उत्क्रांतीचा वेग वाढतो की घटतो' या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. कोणत्या गुणाबद्दल विचारता, यावर ते अवलंबून आहे.

ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलातील रामगंगरा पक्ष्याच्या जवळच्या नात्यातील पक्ष्यांनी तर मुख्यतः वर्तनातील लवचीकतेच्या बळावर अर्धे शतक निभावून नेले आहे. वसंत लवकर येऊ लागल्याने ज्या अळ्यांवर त्यांची पिल्ले वाढतात त्या आधी निघू लागल्या. या पक्ष्यांनीही ४७ वर्षांत अंडी घालण्याची तारीख सुमारे चौदा दिवसांनी अलीकडे आणली. यातील बहुतांश बदल जनुकांचा नसून एकेका मादीने त्या त्या वर्षीची हवा पाहून केलेला आहे.

लवचीकता इतकी उपयोगी आहे, तर सर्वच प्राणी तिने संपन्न का नाहीत? कारण ती फुकट मिळत नाही. शिकण्यासाठी मेंदू लागतो, मेंदूला ऊर्जा लागते, शिकण्यात वेळ जातो आणि शिकताना चुका होतात. फ्रेडेरिक मेरी आणि ताडेउझ कावेकी यांनी २००३ मध्ये फळमाश्यांवर केलेला प्रयोग या दृष्टीने फार बोलका आहे. त्यांनी पिढ्यानपिढ्या चांगले शिकणाऱ्या माश्यांचीच निवड केली आणि खरोखरच हुशार माश्यांचा वंश तयार केला. पण अन्न अपुरे असताना त्या हुशार वंशाच्या अळ्या साध्या माश्यांच्या अळ्यांपुढे मागे पडल्या. ज्याचे जग पिढ्यानपिढ्या सारखेच राहते, त्या प्राण्याला पाठांतर स्वस्त पडते.

ज्यांचे जग बदलते, त्यांच्यासाठी हा खर्च किती फळतो, याचा मोठा पडताळा पक्ष्यांमध्ये घेण्यात आला आहे. माणसाने पक्षी नव्या प्रदेशात नेऊन सोडल्याच्या सहाशेहून अधिक घटना २००५ मध्ये तपासल्या गेल्या आणि शरीराच्या मानाने ज्यांचा मेंदू मोठा ते पक्षी तेथे रुजण्याची शक्यता अधिक आढळली. आपल्या कावळ्याचा प्रवास या चित्रात चपखल बसतो. पुढे २०२० मध्ये सिमॉन दुकाते आणि सहकाऱ्यांनी साडेआठ हजारांहून अधिक पक्षी-प्रजातींचा आढावा घेतला. पक्ष्यांनी अन्न मिळवण्याच्या नव्या युक्त्या योजल्याच्या ज्या हजारो नोंदी निरीक्षकांनी करून ठेवल्या आहेत, त्यांच्याशी त्यांनी नामशेष होण्याच्या धोक्याचा ताळा घातला. नव्या युक्त्या योजणाऱ्या प्रजातींना धोका कमी होता, पण तो अधिवास नष्ट होण्यामुळे येणारा धोका. शिकारीसारख्या माणसाच्या थेट उपशापुढे किंवा बाहेरून आलेल्या शत्रू प्रजातींपुढे युक्तीचा तसा उपयोग दिसला नाही.

हा अपवाद का असावा, हे समजण्यासाठी नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्याकडे पाहावे. तेथे लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. भारतातील गिधाडांचा संहार आता सर्वज्ञात आहे: पांढऱ्या पाठीचे गिधाड १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९.९ टक्क्यांनी घटले, आणि लांब चोचीच्या गिधाडांचीही जवळपास तीच गत झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक त्यास कारण होते, हे २००४ मध्ये उघड झाले. औषध दिल्यानंतर लवकरच मेलेले जनावर गिधाडाने खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होते आणि काही दिवसांत ते मरते. एवढी घट घडवून आणण्यासाठी शंभरांत एकाहूनही कमी मृत जनावरे विषारी असणे पुरेसे होते, असे गणित संशोधकांनी मांडले.

हे कसे शक्य झाले, याचे उत्तर गिधाडाच्या वर्तनातच आहे. गिधाडे आकाशात दूरदूर घिरट्या घालतात आणि एक खाली उतरू लागले की त्याच्याकडे पाहून बाकीची उतरतात. विरळ पसरलेले अन्न शोधण्याची ही उत्तम पद्धत आहे. पण त्याच पद्धतीमुळे एका विषारी जनावरावर डझनावारी गिधाडे जमतात. अशा वेळी शिकणार कोण? जॉन गार्सिया यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले होते की उंदराला एखाद्या चवीनंतर काही तासांनी मळमळ झाली, तरी तो ती चव लक्षात ठेवतो आणि पुन्हा त्या पदार्थाला तोंड लावत नाही. घरात उंदरांसाठी ठेवलेले विष एकदा फसले की पुन्हा का चालत नाही, याचा उलगडा त्यात आहे. उंदीर शिकतो, कारण तो आधी थोडेसेच चाखतो आणि वाचतो. गिधाड पोट भरून खाते आणि वाचत नाही. चुकीची शिक्षा मृत्यूच असेल, तर त्या चुकीतून कोणाला शहाणपण येत नाही. वर्षाकाठी एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्यात फुलकिड्यांसारखी झपाट्याची निवड होण्यासही वाव नसतो.

ऑस्ट्रेलियात नॉर्दर्न क्वोल नावाचा मांजराएवढा मांसाहारी प्राणी याच कोंडीत सापडला होता. तेथे १९३५ मध्ये आणलेला विषारी केन टोड हा बेडूक खाऊन क्वोल मरत, आणि शिकायला मागे कोणी उरत नसे. संशोधकांनी मग पिंजऱ्यातील क्वोलना मळमळ आणणारे औषध भरलेले लहान मेलेले बेडूक खायला दिले. ते आजारी पडले, पण मेले नाहीत. आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात, जंगलात सोडल्यावर असे शिकवलेले क्वोल इतरांपेक्षा अधिक काळ टिकले. त्या प्राण्यात शिकण्याची शक्ती होतीच. चूक करूनही जिवंत राहण्याची एक संधी तेवढी माणसाने त्याला मिळवून दिली.

गिधाडांच्या बाबतीत तोही मार्ग नव्हता, कारण औषध घेतलेल्या बैलाचे मांस आणि न घेतलेल्याचे मांस यांत गिधाडाला ओळखता येईल असा फरकच नसतो. म्हणून २००६ मध्ये डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांच्यावर बंदी घालावी लागली. हरसूलजवळ खोरीपाड्याला वनविभागाने गिधाडांसाठी सुरक्षित अन्नाची जागा केली आहे. तेथे मेलेले जनावर आणून ठेवले की गिधाडे पूर्वीसारखीच उंच घिरट्या घालतात, एक उतरते, आणि त्याच्याकडे पाहून बाकीची उतरतात.